लोह नेमके कोणत्या अवस्थेत होते? जीवाणूतील एका हीम-प्रथिनाच्या स्फटिकरचनेचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका संशोधन गटाने जीवाणूतल्या एका हीम-प्रथिनाची (हीम म्हणजे मध्यभागी लोह असलेले वलय) स्फटिकरचना सोडवली, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्यातले अणू कुठे आहेत ते काढले. रचना उत्तम दिसत होती, पण तिच्या अगदी मध्यभागी असलेल्या एका जागेचा अर्थ लावताना गट अडला. त्या जागेचे हे प्रकरण आहे. प्रथिनाचे नाव, जीवाणूची जात, प्रयोगशाळा आणि सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरणांचा स्रोत) यांचे उल्लेख गाळले आहेत. स्फटिकांचे वर्णपट घेण्यासाठी मी या कामात मध्येच सामील झाले, त्यामुळे आधीचा भाग गटाच्या नोंदवहीवरून आणि बोलण्यातून कळला तसा मांडते आहे.

प्रथिन रंगनाशक पेरॉक्सिडेझ कुळातले होते. या कुळातले पहिले विकर एका बुरशीतून मिळाले आणि १९९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे जीवाणूंच्या जनुकसंचांमध्ये ही विकरे भरपूर आढळली. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ती अँथ्राक्विनोनसारखे चिवट रंग मोडतात, काही तर लिग्निनवरही काम करतात. वनस्पतींच्या पेरॉक्सिडेझांशी त्यांचे नाते नाही, घडी पूर्ण वेगळी आहे. हीमच्या एका बाजूने हिस्टिडीन लोहाला धरून असते, हे दोन्हीकडे सारखे. दुसऱ्या बाजूला, जिथे पेरॉक्साइड येऊन बसायचे तिथे, वनस्पतींच्या विकरांत हिस्टिडीन आणि आर्जिनीन असतात, तर या कुळात अस्पार्टेट आणि आर्जिनीन. पेरॉक्साइडचा प्रोटॉन या दोघांपैकी कोण उचलतो, याचे उत्तर प्रत्येक विकरात एकच येत नाही. गटाला नेमके हेच शोधायचे होते.

त्यासाठी लोहाची सहावी जागा कळणे गरजेचे होते. हीममधल्या लोहाला पोर्फिरिनचे, म्हणजे हीमच्या वलयाचे, चार नायट्रोजन सुमारे २ अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) धरतात, पाचवा हात हिस्टिडीनचा. सहावी जागा रिकामी आहे की तिथे पाणी आहे, आणि पाणी असेल तर किती घट्ट, यावर पेरॉक्साइडला आत शिरताना आधी कुणाला हटवावे लागते ते ठरते.

प्रथिन ई. कोलायमध्ये बनवले होते. या पद्धतीत एक जुना धोका आहे. प्रथिन फार वेगाने तयार झाले की पेशीचा हीम-पुरवठा अपुरा पडतो आणि काही रेणूंत लोह नसलेले पोर्फिरिन जाऊन बसते. गटाने माध्यमात हीमचा कच्चा माल असलेले डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल घातले, पिरिडिन-हीमोक्रोम चाचणीने हीम मोजले आणि सोरे पट्ट्याचे (हीमच्या सर्वांत ठळक शोषणाचे) प्रथिनाच्या २८० नॅनोमीटरच्या शोषणाशी असलेले गुणोत्तर पाहूनच नमुना पुढे नेला. हे काम त्यांनी चोख केले होते. द्रावणाचा वर्णपट फेरिक (फेरसपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असलेल्या), उच्च-स्पिन (जोडीविना इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या) लोहाचा होता. स्फटिक तपकिरी निघाले.

रचना सोडवण्याचा मार्ग

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. भाकीत केलेले मॉडेल वापरून रेणू-प्रतिस्थापनाने कला (नकाशासाठी लागणारे, पण थेट मोजता न येणारे लहरींचे टप्पे) मिळवायच्या, की हीममधल्या लोहाचेच असंगत विकिरण, म्हणजे ठरावीक ऊर्जेजवळ बदलणारे क्ष-किरणांचे विखुरणे, वापरायचे? लोहाची के-कडा (जिथे ते क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते ती ऊर्जा) ७.११२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, म्हणजे साधारण १.७४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर येते. किरणांची ऊर्जा त्याच्या जरा वर ठेवली की लोह स्वतःची जागा दाखवते. स्फटिकात बाहेरून जड अणू मुरवायची गरज उरत नाही.

गटाने लोहाचा मार्ग निवडला आणि तो मला आजही योग्य वाटतो. प्रयोगातून मिळालेल्या कलांवर कुठल्याही मॉडेलची छाप नसते. शिवाय त्या खोबणीतला धातू खरोखर लोहच आहे, हेही त्यातून सिद्ध होते. फक्त या मार्गाची एक किंमत असते. लोहाचा संकेत क्षीण असल्याने तीच परावर्तने पुनःपुन्हा मोजावी लागतात, स्फटिक बराच वेळ किरणांत फिरत राहतो. गटाने एका मोठ्या स्फटिकावर हे मोजमाप केले आणि तोच स्फटिक चांगला टिकलेला पाहून लगेच कमी तरंगलांबीवर उच्च-विभेदनाचा (बारीक तपशील दाखवणारा) संचही घेतला. १.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास विभेदन, नकाशा सुरेख. मुख्य साखळी जवळजवळ आपोआप बांधली गेली.

अडचण

हीमच्या वर, अस्पार्टेट आणि आर्जिनीनच्या मध्ये, इलेक्ट्रॉन घनतेचा एक लांबट ठिपका होता. एका पाण्याच्या रेणूसाठी तो मोठा होता. पाणी ठेवून रिफाइनमेंट केले (मॉडेल मोजमापाशी जुळवत नेले) की फरक-नकाशात (मोजलेली घनता वजा मॉडेलची) त्याच्या बाजूला हिरवी, म्हणजे धन घनता उरायची आणि लोहालगत लाल, ऋण. तिथे दोन अणूंचा रेणू ठेवला की दोन्ही गायब.

दोन अणू म्हणजे ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड. पेरॉक्सिडेझच्या खोबणीत पेरॉक्साइड बसलेले सापडणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. गटात आनंद होता आणि लेखाचा मसुदा त्याच दिशेने लिहायला घेतला गेला. मुक्त आर-मूल्य, म्हणजे रचना बाजूला ठेवलेल्या मोजमापांशी किती जुळते याचा आकडा, चांगले होते. पण या प्रश्नापुरता त्या मूल्याचा काही उपयोग नसतो, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. हजारो अणूंच्या रचनेत दोन अणू चुकीचे ठेवले तरी ते मूल्य जागचे हलत नाही. तो संपूर्ण रचनेचा आकडा आहे, एका खोबणीचा नव्हे.

ज्या विद्यार्थिनीने स्फटिक लूपमध्ये उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले होते, तिने मोजणी संपल्यावर कॅमेऱ्यातले चित्र पाहिले आणि ती मार्गदर्शिकेला म्हणाली, ‘मॅडम, किरण पडला तेवढाच पट्टा लालसर झालाय. बाकीचा स्फटिक अजून तपकिरीच आहे.’ पुढचे सगळे या वाक्यामुळे घडले. फेरिक हीम तपकिरी असते, फेरस लाल.

समोर असलेले अर्थ

मसुदा थांबवायचा की नाही, यावर गटात मतभेद झाले. सोडवणूक करणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे, नकाशा जे दाखवतो ते लिहावे. मार्गदर्शिकेने मात्र त्या ठिपक्याचे जेवढे अर्थ संभवतात तेवढे फळ्यावर लिहायला लावले.

इमिडॅझोल हा पहिला संशयित. शुद्धीकरणाच्या निकेल-स्तंभावरून प्रथिन उतरवताना ते वापरतात आणि हीमच्या लोहाला ते सहज चिकटते. पण त्याचे पाच अणूंचे सपाट वलय असते आणि घनता तेवढी रुंद नव्हती. दुसरा अ‍ॅसिटेट, कारण स्फटिकीकरणाच्या बफरमध्ये तो होता. तिसरा संशय पॉलिइथिलिन ग्लायकॉलवर. ते जुने झाले, हवेत राहिले की त्यात पेरॉक्साइडे तयार होतात आणि पेरॉक्सिडेझच्या स्फटिकाला तेवढीही पुरतात.

यानंतर रसायनशास्त्राची बाजू. फेरिक लोह ऑक्सिजनचा रेणू धरत नाही, फेरस धरते. म्हणजे तिथे ऑक्सिजन मानायचा तर लोह आधी क्षपित झाले होते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाला होता, हे मान्य करावे लागते. उलट पेरॉक्साइड मानायचे तर वेगळा पेच. धडधाकट पेरॉक्सिडेझमध्ये फेरिक लोहाशी आलेले पेरॉक्साइड तसेच बसून राहत नाही, त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध झटकन तुटून पहिले संयुग, म्हणजे फेरिल लोह (फेरिकपेक्षाही इलेक्ट्रॉन कमी असलेले, ऑक्सिजन धरलेले) आणि पोर्फिरिनवरचे मूलक (जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन), तयार होते. दोन्ही आकर्षक अर्थांना जोड-स्पष्टीकरण लागत होते.

शेवटचा अर्थ सर्वांत कमी रंजक. तिथे पाणीच आहे, पण दोन वेगवेगळ्या जागी. स्फटिकातल्या काही रेणूंत लोह फेरिक राहिले आणि पाणी त्याला धरून आहे, उरलेल्यांत क्ष-किरणांनी लोहाला इलेक्ट्रॉन दिला आणि पाणी मागे सरकले. दोन जागांमधले अंतर एक अँगस्ट्रॉमच्या आत असेल, तर या विभेदनाला त्या वेगळ्या दिसणार नाहीत. त्यांचा एक लांबट ठिपका होईल आणि तो दोन अणूंच्या रेणूसारखाच भासेल. ऑक्सिजनमधला बंध १.२ अँगस्ट्रॉमचा, पेरॉक्साइडमधला साधारण १.४५.

क्ष-किरण नेमके काय करतात, ते इथे सांगायला हवे. शोषला गेलेला प्रत्येक फोटॉन एक वेगवान इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो वाटेत शेकडो ठिकाणी आयनीकरण घडवतो. १०० केल्विनला मोठे मूलक जागीच गोठतात, पण इलेक्ट्रॉन तेव्हाही फिरू शकतात. त्यांना बसायला हीमचे लोह ही फार सोयीची जागा. स्फटिक किती मात्रा (शोषलेल्या किरण-ऊर्जेचे प्रमाण, मेगाग्रेमध्ये) सोसतो याच्या दोन मर्यादा प्रसिद्ध आहेत. १९९० मध्ये सैद्धांतिकरीत्या काढलेली २० मेगाग्रे आणि २००६ मध्ये प्रयोगातून सुचवलेली ३० मेगाग्रे. पण या मर्यादा विवर्तन टिकण्याच्या आहेत. धातूचे क्षपण एक मेगाग्रे होण्याच्याही कितीतरी आधी होऊन जाऊ शकते. विवर्तन झकास चालू असते, नकाशा स्वच्छ येतो, आणि धातूची रासायनिक अवस्था केव्हाच बदललेली असते. गटाच्या पहिल्या स्फटिकाने काही मेगाग्रे सोसले होते.

कोणत्या वाटा होत्या

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी मोजले, तर अणू हलण्याआधीच विवर्तन मिळते. हा सर्वांत निर्णायक उपाय होता. पण त्याला सूक्ष्म स्फटिकांचा मोठा साठा लागतो, गटाकडे मोजके मोठे स्फटिक होते, आणि तिथे वेळ मिळणेही अवघड. न्यूट्रॉन विवर्तनात क्षपण होत नाही, वर प्रोटॉनही दिसतात, म्हणजे मूळ प्रश्नाचे थेट उत्तर. त्यासाठी मात्र स्फटिक आणखी कितीतरी मोठे हवेत आणि ड्युटेरियमही (जड हायड्रोजन) भरायला हवा. ते पुढे ढकलले.

इलेक्ट्रॉन टिपणारे पदार्थ स्फटिकात मुरवण्याची सूचना आली. अ‍ॅस्कॉर्बेट लगेच बाद झाले, कारण ते स्वतःच हीमला क्षपित करू शकते. नायट्रेटवर बराच वाद झाला. शेवटी, ज्या खोबणीत काय आहे हे कळत नाही तिथे आणखी एक ऋणायन पाठवायचे नाही, असे ठरले. मला हा निर्णय फार समंजस वाटला.

उरले ते सिंक्रोट्रॉनवरच, कमी मात्रेत, अनेक स्फटिकांवर विभागून मोजणे आणि सोबत प्रत्येक वेळी स्फटिकाचा वर्णपट घेणे. २००२ मध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझच्या अभिक्रियेतल्या अवस्था अशाच तऱ्हेने, अनेक स्फटिकांच्या तुकड्या-तुकड्यांतून एकत्र केलेल्या संचांनी उलगडल्या होत्या. मार्ग चाचपलेला होता.

काय केले

आधी स्वस्त चाचण्या. ताजे पॉलिइथिलिन ग्लायकॉल, अ‍ॅसिटेटऐवजी दुसरा बफर, इमिडॅझोल पूर्ण निघून जाईल असे डायलिसिस. नवे स्फटिक तसेच तपकिरी आले आणि पूर्वीसारखेच मोजल्यावर तोच लांबट ठिपका पुन्हा दिसला. तीन संशयित एका फेरीत सुटले.

मग बीमलाइनवरचा (सिंक्रोट्रॉनवरच्या मोजणीच्या जागेवरचा) सूक्ष्म-वर्णपटमापक. इथे एक व्यावहारिक गोष्ट आडवी येते. द्रावणात हीमची ओळख सोरे पट्ट्यावरून पटते, पण स्फटिकात हीम इतके दाट असते की पन्नासेक मायक्रोमीटर जाडीतही त्या पट्ट्याचे शोषण मोजता येण्याच्या पलीकडे जाते. वर्णपट तिथे नुसता सपाट कापला गेल्यासारखा दिसतो. म्हणून ५०० ते ७०० नॅनोमीटरमधले फिके पट्टे वाचायचे. किरण लावण्याआधी उच्च-स्पिन फेरिक लोहाची, ६३० नॅनोमीटरच्या आसपासची खूण स्पष्ट होती. म्हणजे गोठवल्यामुळे अवस्था बदललेली नव्हती. ही शंका घेणे आवश्यक होते, कारण थंडीत हीमचा स्पिन बदलू शकतो आणि काही बफरांचा सामूही घसरतो. किरण सुरू झाला आणि ती खूण डोळ्यांदेखत विरत गेली, ५५० च्या आसपास नवे पट्टे वर आले. आधीच्या मोजणीला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या अगदी सुरुवातीच्या अंशातच हे घडून गेले होते.

यानंतर गटाने दोन प्रयोग समांतर चालवले. एकात किरण पुष्कळ मंद करून प्रत्येक स्फटिकातून फक्त थोड्या अंशांचा भाग घेतला, पुढच्या स्फटिकातून त्यापुढचा, आणि सगळे जोडून पूर्ण संच केला. प्रत्येक तुकड्याची मात्रा पहिल्या स्फटिकाच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी ठेवली. हे लिहायला सोपे वाटते, पण स्फटिक एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एककपेशीच्या (स्फटिकात पुनःपुन्हा येणाऱ्या मूळ चौकटीच्या) मापांवरून त्यांचे गट पाडावे लागले आणि बरेच तुकडे टाकून द्यावे लागले. विभेदन थोडे उतरले. ते उतरू द्यायचे की मात्रा थोडी वाढवायची, हा खरा कसोटीचा क्षण होता. गटाने विभेदन सोडले.

दुसऱ्या प्रयोगात एकाच स्फटिकाच्या एकाच जागेवर एकामागून एक संच घेतले, म्हणजे वाढत्या मात्रेची मालिका.

रिफाइनमेंटच्या वेळी लोह आणि सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनमधल्या अंतरावर कोणतेही बंधन ठेवायचे नाही, असे ठरले. बंधन ठेवले की बहुधा आपण घातलेले अंतरच परत मिळते आणि ते मोजमाप असल्याचा भास होतो. शिवाय लोहासारख्या जड अणूभोवती मर्यादित विभेदनामुळे घनतेच्या लाटा उठतात, त्या नेमक्या लिगंडच्या (लोहाला जोडलेल्या अणूच्या) जागेत गोंधळ करतात. म्हणून अंतराचा आकडा देताना त्याची अनिश्चितताही काढली. या विभेदनाला ती साधारण ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉम येते, तेव्हा दुसऱ्या दशांश स्थळावर रसायनशास्त्र उभे करता येत नाही.

निष्पत्ती

कमी मात्रेच्या संचात लांबट ठिपका नव्हता. तिथे एकच गोल घनता होती, लोहापासून सुमारे २.२ अँगस्ट्रॉमवर, अस्पार्टेटशी हायड्रोजन बंधाने जोडलेली. पाणी. मालिकेतल्या पुढच्या प्रत्येक संचात ती घनता लोहापासून दूर पसरत गेली आणि शेवटच्या संचात जुना ठिपका जसाच्या तसा उभा राहिला. नियंत्रण म्हणून डायथायोनाइटने क्षपित केलेल्या स्फटिकाचीही रचना घेतली. त्यात लोहाची सहावी जागा मोकळी होती आणि पाणी मागे, आर्जिनीनच्या बाजूला सरकलेले. पहिल्या स्फटिकाची घनता म्हणजे या दोन चित्रांची बेरीज होती.

पेरॉक्साइडचा दावा मसुद्यातून गेला. तीन रचना आपापल्या मात्रेसह आणि वर्णपटासह सादर झाल्या. काम लांबले, पण विकराबद्दल आधीपेक्षा जास्त कळले. विश्रांतीच्या अवस्थेत लोहावर पाणी आहे, त्याला अस्पार्टेटने धरले आहे, आणि पेरॉक्साइडला आत येताना ते हटवावे लागते. पहिल्या मसुद्यातली यंत्रणा याच्या उलट होती. प्रोटॉन कोण उचलतो, याबाबत आता अस्पार्टेटचे पारडे जड आहे. अस्पार्टेट बदललेले उत्परिवर्तित प्रथिन त्यासाठी तपासले जात आहे.

वेगळे काय करता आले असते

कला मिळवण्याचा स्फटिक आणि रसायनशास्त्र वाचण्याचा स्फटिक वेगळे ठेवायला हवे होते. लोहाच्या संकेतासाठी खूप मोजावे लागते आणि लोहाची अवस्था टिकवण्यासाठी कमीत कमी. एकाच स्फटिकाकडून दोन्ही मागता येत नाही. दुसऱ्या मोजणीसाठी नवा स्फटिक बसवायला थोडाच वेळ लागला असता.

भाकीत मॉडेल वापरले असते तर हे टळले असते, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. रेणू-प्रतिस्थापनासाठीही लोक पूर्ण तीव्रतेच्या किरणात एकच भरघोस संच घेतात आणि क्षपणाला तेवढा पुरेसा असतो. फरक पडला असता तो वर्णपट आधी घेतला असता तर. हीम-प्रथिनाचा स्फटिक गोनिओमीटरवर, म्हणजे किरणात तो फिरवणाऱ्या यंत्रावर, चढला की पहिले मोजमाप वर्णपटाचे आणि मोजणी संपल्यावर शेवटचेही त्याचेच, असा क्रम आता त्या गटाने लावून घेतला आहे. जिथे वर्णपटमापक नाही तिथे निदान कॅमेऱ्यातली आधीची आणि नंतरची चित्रे जपून ठेवतात आणि मात्रेचा हिशेब रचनेसोबत देतात.

मतभेदाच्या वेळी मसुदा थांबवला गेला, कारण मार्गदर्शिकेने विद्यार्थिनीचे निरीक्षण पुरावा म्हणून नोंदवहीत लिहायला सांगितले. ते बोलण्यातच राहिले असते तर पुढच्या बैठकीत नकाशाच्या सुबकतेपुढे टिकले नसते, असे मला वाटते. रंगाची नोंद मोजणीच्या अर्जातच एक रकाना म्हणून असायला हवी.

आता गट पहिल्या संयुगाच्या रचनेकडे वळला आहे. तिथे अडचण आणखी टोकदार आहे. फेरिल अवस्थेत लोह-ऑक्सिजन अंतर १.६५ अँगस्ट्रॉमच्या आसपास अपेक्षित असते, पण जुन्या कित्येक स्फटिकरचनांत ते १.८ ते १.९ आले होते. तो बंध प्रोटॉनयुक्त आहे का, यावर त्यावरून मोठा वाद झाला आणि त्यातली बरीच लांबी किरणांनी केलेल्या क्षपणाची होती. फेरिल लोह फेरिकपेक्षाही लवकर इलेक्ट्रॉन घेते. म्हणून या वेळी पेरॉक्साइडमध्ये भिजवून गोठवलेल्या स्फटिकांचे वर्णपट आधी घेतले जात आहेत, आणि किती मात्रेपर्यंत पहिल्या संयुगाची खूण टिकते ते मोजल्यावरच प्रत्येक स्फटिकातून किती अंश घ्यायचे ते ठरणार आहे. सूक्ष्म स्फटिकांचे प्रयत्नही सुरू झाले आहेत.